परदेशी जाताना औषधांचं काय? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमध्ये आमचं मेडिकल आहे आणि गेली सव्वीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे. मार्च उजाडला की मुलांकडे निघालेल्या आईवडिलांची रांग लागते. एका हातात यादी, दुसऱ्या हातात रिकामी पाकिटं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, सहा महिन्यांचं काढून ठेवा, शुक्रवारी फ्लाइट आहे." हे बहुतेक बुधवारी सांगतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गोळी बदलायची किंवा डोस कमी करायचा की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिकडच्या दुकानात चालते का?

जवळजवळ कुठेच नाही. अमेरिकेत औषध देण्यासाठी तिथे परवाना असलेल्या डॉक्टरचीच चिठ्ठी लागते. पुण्यातला कितीही मोठा हृदयरोगतज्ज्ञ असो, तिथल्या फार्मसीच्या खिडकीवर त्यांची सही म्हणजे नुसती शाई. ब्रिटनमध्ये तिथली, युरोपातल्या ठरावीक देशांची आणि स्वित्झर्लंडची चिठ्ठी चालते, आपली नाही. युरोपियन युनियनमधले देश एकमेकांच्या चिठ्ठ्या मानतात, पण त्यात आपण बसत नाही.

मग चिठ्ठी न्यायची कशाला? तीन कामांसाठी. कस्टमवाल्याने विचारलं तर दाखवायला, तिकडच्या डॉक्टरला तुमचं काय चालू आहे ते कळायला, आणि घरून औषध पाठवायची वेळ आली तर कुरिअरला जोडायला. तिन्ही ठिकाणी तिच्यावाचून अडतं.

सहा महिने राहणार आहोत. सगळ्या गोळ्या एकदम नेल्या तर चालतील?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं आहे की पाहुण्याने स्वतःपुरता ९० दिवसांचा साठा आणावा. त्याहून जास्त राहणार असाल तर पुढचं औषध टपालाने किंवा कुरिअरने मागवता येतं. त्यासोबत पासपोर्ट-व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि इंग्रजीतल्या चिठ्ठीची प्रत हवी. "आमच्या शेजारच्यांनी सहा महिन्यांच्या नेल्या, कुणी विचारलंसुद्धा नाही," हे मी शंभरदा ऐकलंय. नसेल विचारलं. रात्री दोन वाजता सिग्नल तोडला तरी कुणी विचारत नाही. समोरचा अधिकारी अडवू शकतो, आणि तेव्हा शेजारी तुमच्या सोबत नसतात.

ऑस्ट्रेलियात आणि सिंगापूरमध्येही हिशोब तीन महिन्यांचाच आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना जो फॉर्म भरतात त्यात औषधांच्या रकान्यात 'हो' लिहायचं. लपवलं तर साधी बीपीची गोळीसुद्धा संशयास्पद होते. जपान सगळ्यांत कडक आहे. चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरतीच, त्यापुढे आधी परवानगी काढावी लागते.

चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घ्यायचं?

आधी नाव. आपल्याकडे फाइलवर 'सौ. जोशी' किंवा नुसतंच 'कुलकर्णी आजी' असतं, आणि पासपोर्टवर स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव असं तिन्ही. काहींच्या पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव आहे. पासपोर्टवर जसं आहे तस्संच चिठ्ठीवर हवं, स्पेलिंगसकट.

दुसरं, औषधाचं मूळ नाव, म्हणजे ज्याला आपण कंटेंट म्हणतो. 'टेल्मा' नको, 'टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम' हवं. ब्रँड शेजारी असला तर हरकत नाही. दिवसातून किती वेळा, कशासाठी आणि किती दिवस, तेही टाइप केलेल्या इंग्रजीत, लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय आम्हाला आहे, कस्टमवाल्याला नाही. डॉक्टर घाईत असतील तर मूळ नावांची यादी आमच्याकडून टाइप करून न्या. ते एकदा तपासून सही करतात. बरेच डॉक्टर उलट आभार मानतात.

गोळ्या सकाळ-दुपार-रात्रीच्या डब्यात भरून नेल्या तर?

घरात वापरायला डबा उत्तम. प्रवासात मात्र स्ट्रिप तशीच असू द्या, आणि वर बिल.

यात एक चूक माझीच आहे, सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी एका काकांना शंभर दिवसांच्या गोळ्या हव्या होत्या. पंधराच्या सहा स्ट्रिप पूर्ण दिल्या आणि राहिलेल्या दहा गोळ्या सातव्या स्ट्रिपमधून कापून दिल्या. सवयीने कात्री चालवली. पाच गोळ्यांचा तुकडा, ज्यावर नाव, बॅच आणि एक्स्पायरी होती, तो आमच्या ड्रॉवरमध्ये राहिला. काकांच्या हातात गेलेल्या तुकड्यावर मागे फक्त अर्धवट अक्षरं आणि 'एमजी'. तिकडे गेल्यावर नेमका तोच तुकडा त्यांनी तिथल्या डॉक्टरला दाखवला. तो बिचारा चंदेरी पत्रा उलटसुलट करत बसला. मुलाने रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, तेव्हा मी ड्रॉवरमधून आमचा तुकडा काढून फोनवर वाचून दाखवला. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्याला कापलेली स्ट्रिप द्यायची नाही असा दुकानात नियम आहे. पाच गोळ्या जास्त होतील, होऊ देत.

अजून एक गंमत. अमेरिकेत आपल्यासारख्या स्ट्रिप फारशा नसतात. तिथे नारिंगी बाटलीत सुट्या गोळ्या मिळतात आणि बाटलीवर रुग्णाचं नाव छापलेलं असतं. त्यामुळे बिननावाच्या सुट्या गोळ्या त्यांना जास्तच खटकतात.

माझी गोळी तिकडे मिळेल का? त्याच नावाने?

त्याच नावाने बहुधा नाही. गोळीचं बाजारातलं नाव देशाच्या सीमेवर संपतं. कंटेंट आणि मिलिग्रॅम तेवढे पुढे जातात. हे एकदा पटलं की निम्मे प्रश्न सुटतात.

थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. हे सगळीकडे मिळतं. मात्र आपली गोळी ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅमची, आणि तिथे मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये लिहिलं तर ०.०५ दिसतं. घाबरू नका, तीच आहे. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. अ‍ॅस्थॅलिनच्या पंपात साल्ब्युटामोल असतं, पण अमेरिकेत त्यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात. क्रोसिनमधलं पॅरासिटामोल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन होतं. गेल्या वर्षी एक आजोबा न्यू जर्सीच्या फार्मसीत 'पॅरासिटामोल' मागत होते आणि समोरची मुलगी मान हलवत होती. त्यांच्या मागच्याच शेल्फवर बाटल्यांची भिंत उभी होती. इकोस्प्रिन ७५ सारखी छोटी अ‍ॅस्पिरिन तिथे ८१ मिलिग्रॅमची मिळते. चालेल का, ते डॉक्टरांना विचारा; बहुतेक वेळा हो म्हणतात.

आता जी अमेरिकेत मुळात नाहीतच, ती नीट वाचा. मधुमेहासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि व्होग्लिबोज तिथे मंजूर नाहीत. बीपीची सिल्निडिपिन नाही. सांधेदुखीची एटोरिकॉक्सिब नाही, निमेसुलाइड नाही. आणि आपली लाडकी अ‍ॅसिडिटीची पॅन-डी? तिच्यातलं डोम्पेरिडोन तिथे मंजूर नाही. यातली कुठलीही चालू असेल तर साठा मोजून न्या, आणि संपली तर पर्यायी काय घ्यायचं ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

सगळ्यांत जपायचं ते रक्त पातळ करणारं अ‍ॅसिट्रॉम. आपल्याकडे हृदयाची झडप बदललेल्या कितीतरी पेशंटना हेच चालू असतं, आणि अमेरिकेत हे मिळत नाही. तिथे वॉर्फरिन आहे. दोन्ही एकाच घराण्यातली, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलता येत नाहीत. डोस नव्याने बसवावा लागतो, रक्त किती पातळ झालंय ते बघणारी आयएनआर तपासणी वारंवार करावी लागते. अ‍ॅसिट्रॉमवाल्यांनी हातातल्या बॅगेत पूर्ण साठा आणि चेक-इनमध्ये एकही गोळी नाही, असंच जायचं.

उलट प्रकारही आहे: नाव तेच, पण आतलं औषध वेगळं. 'डायलाकोर' अमेरिकेत डिल्टियाझेम आहे आणि सर्बियात डिगॉक्सिन. 'युरेक्स' ऑस्ट्रेलियात लघवीवाटे पाणी काढणारी फुरोसेमाइड, अमेरिकेत मूत्रमार्गाच्या संसर्गावरची गोळी. म्हणून बाहेर कुठेही नुसत्या ब्रँडवर औषध मागू नका.

इन्सुलिन कसं न्यायचं?

हातातल्या बॅगेत. चेक-इनचं सामान ठेवतात तिथे गारठून ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं नसतं. म्हणूनच थंड पाकिटात ठेवताना बर्फाच्या पिशवीला कुपी थेट टेकवू नका, मध्ये रुमाल घाला. चालू असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकते, पण उन्हात नाही. कोथरूडहून मुंबई विमानतळापर्यंतचे चार तास टॅक्सीच्या मागच्या काचेखाली ठेवून नेणारे लोक मी पाहिलेत. सुरक्षा तपासणीतला द्रव पदार्थांसाठीचा १०० मिलिलिटरचा नियम औषधांना लागत नाही, फक्त आधी सांगायचं आणि चिठ्ठी हातात ठेवायची.

आता खरी गोम. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, अमेरिकेत १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या: ४० वाल्याचं टोपण लाल, १०० वाल्याचं नारिंगी. समजा तुम्हाला वीस युनिट घ्यायचे आहेत. इथून नेलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत तिकडचं इन्सुलिन भरलं, तर आत अर्धा मिलिलिटर जातो, म्हणजे वीसऐवजी ५० युनिट. अडीचपट. त्याने साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो. उलट केलं, म्हणजे पुण्याची कुपी आणि तिकडची नारिंगी सिरिंज, तर वीसऐवजी आठच युनिट जातात आणि साखर चारशेवर. म्हणून कुपी आणि सिरिंज एकाच देशाची ठेवा. पुरेशा सिरिंज इथूनच न्या. पेन वापरणाऱ्यांना ही कटकट नाही, पेनची काडतुसं इथेही १०० युनिटचीच असतात. मी कुणालाही औषध बदलायला सांगत नाही, पण सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांना "पेनबद्दल डॉक्टरांशी एकदा बोला" एवढं आवर्जून सांगते.

अडीअडचणीला हेही लक्षात असू द्या: अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत जुन्या पद्धतीचं ह्यूमन इन्सुलिन वॉलमार्टच्या फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं. फक्त आपण ज्याला ३०/७० म्हणतो त्याला ते ७०/३० म्हणतात. मिश्रण तेच, मोजणी उलटी.

झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, दुखण्याची जोरदार गोळी: यांचं काय?

इथे थट्टा नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन असलेली कफ सिरप ही औषधं आपल्याकडेही नोंद करूनच दिली जातात. बाहेर काही देशांत ती थेट अमली पदार्थांच्या कायद्यात जातात. दुबई-अबुधाबीला जाताना ट्रामाडॉल किंवा कोडीन असेल तर तिथल्या सरकारच्या ऑनलाइन सेवेतून आधी परवानगी काढावी लागते. सिंगापूरलाही तसंच. अर्ज दोन-तीन आठवडे आधी करा, उत्तराची प्रिंट सोबत ठेवा.

एटिझोलाम (चिंता-झोपेसाठीची गोळी) चालू असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. आपल्याकडे डॉक्टर ती नेहमी लिहून देतात, पण अमेरिकेने २०२३ मध्ये ती अमली पदार्थांच्या सर्वांत कडक यादीत टाकली. तिथे तिचा वैद्यकीय वापर मान्यच नाही, त्यामुळे चिठ्ठी असली तरी उपयोग नाही. निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. अशा गोळ्या एका दिवसात बंद करायच्या नसतात.

जपानला जाताना सर्दीच्या गोळीवर स्युडोएफेड्रिन दिसलं तर ती घरी ठेवा. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर तिथे बंदी आहे.

आणि हे औषध नाही, पण याच खान्यात बसतं: खसखस. अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये ती नेता येत नाही. दिवाळीत लेकीला अनारसे नेणाऱ्या कितीजणींना हे ठाऊक असतं? वर दिसणारी खसखस आणि काळ्या मसाल्यातली न दिसणारी, दोन्ही.

आयुर्वेदिक आणि होमिओपॅथी?

होमिओपॅथीच्या साबुदाण्यांनी सहसा कुणाचं काही बिघडत नाही. बाटलीवर लेबल हवं, इतकंच.

आयुर्वेदिकमध्ये फरक करा. चूर्णं, काढ्याच्या गोळ्या वेगळ्या आणि रसौषधी-भस्मं वेगळी. अ‍ॅसिडिटीवर घरोघरी असलेल्या सूतशेखर रसात कज्जली असते, म्हणजे पारा आणि गंधक. अमेरिकेत शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेल्या आयुर्वेदिक मालावर इशारे निघालेले आहेत आणि अशी पाकिटं अडकवून ठेवतात. खात्यापित्या घरातला माणूस पुडीतल्या काळ्या गोळ्या घेऊन कस्टमच्या टेबलासमोर समजावत उभा राहतो, हे दृश्य टाळता येण्यासारखं आहे. वैद्यांकडून पुडीत बांधून आणलेलं काहीही नेऊ नका. बंद डबा, लेबल, घटकांची यादी असेल तरच न्या.

गोळ्या तिकडे संपल्या किंवा बॅग हरवली तर?

बॅग हरवण्याचं उत्तर वर आलंय: औषधं हातात. नवरा-बायको दोघं जात असाल तर एकमेकांच्या बॅगेत आठ-आठ दिवसांच्या ठेवा.

संपल्याच तर अमेरिकेत 'अर्जंट केअर' दवाखाना किंवा व्हिडिओवरचा डॉक्टर गाठायचा. ते चिठ्ठी थेट फार्मसीला पाठवतात. खर्चाला उगाच घाबरू नका. जुनी जेनेरिक औषधं तिथेही स्वस्त असतात. वॉलमार्टच्या यादीत मेटफॉर्मिन महिन्याला चार डॉलरला आहे. महाग पडते ती डॉक्टरांची फी. ब्रिटनमध्ये पाहुण्यालाही जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तात्पुरती नोंदणी करून दाखवता येतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत. रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर मात्र बिल येतं. थायलंडमध्ये बरीच औषधं दुकानात सहज मिळतात, पण फुटपाथवरच्या ठेल्यावरून घेऊ नका.

प्रवास विम्यावर विसंबू नका. आधीपासूनच्या बीपी-शुगरची रोजची औषधं बहुतेक पॉलिसींमध्ये नसतात. पॉलिसीतली ती ओळ निघण्याआधी स्वतः वाचा. एजंट नेहमी 'सगळं कव्हर आहे' म्हणतो.

अँटिबायोटिकचं वेगळं सांगते. "तीन अ‍ॅझिथ्रो द्या हो," असं दुकानावर येऊन मागायची आपली सवय आहे (आणि आम्ही नाही म्हटलं की पुढच्या मेडिकलकडे वळायची). अमेरिकेत चिठ्ठीशिवाय एक गोळी मिळणार नाही. गरज पडली तर डॉक्टरकडे जाऊनच घ्यावी लागेल.

इथून कुरिअरने पाठवायचं तर?

चिठ्ठी, आमचं बिल, पासपोर्ट-व्हिसाची प्रत आणि पाठवणाऱ्याचं ओळखपत्र, एवढं तयार ठेवा. बिल रुग्णाच्याच नावाने हवं, मुलाच्या नाही. द्रव औषधं आणि इन्सुलिन घ्यायला बरेच कुरिअरवाले नाही म्हणतात. झोपेच्या गोळ्या तर पाठवूच नका. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची करमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये काढून टाकली, त्यामुळे वर कर पडू शकतो. गोळ्या संपायच्या आत तीन-चार आठवडे पाठवा. "परवापर्यंत पोचेल ना?" याचं उत्तर नाही.

सकाळची गोळी तिकडे कधी घ्यायची?

कॅलिफोर्निया आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा तास असतं, म्हणजे तुमची सकाळ तिथली संध्याकाळ. थायरॉइड, बीपी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पोचल्यावर तिथल्या सकाळ-रात्रीला लावतात. इन्सुलिन, फिट्सची औषधं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून तासांसकट लिहून घ्या. ते मी सांगणार नाही.

तुमच्याकडून घ्यायचं असेल तर किती आधी सांगायचं?

आठ-दहा दिवस. तीन महिन्यांच्या सगळ्या स्ट्रिप लांब एक्स्पायरीच्या हव्या असतील तर सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्याकडून वेगळ्या मागवाव्या लागतात. ताजी चिठ्ठी आणा. दोन वर्षांपूर्वीची, तुकडे चिकटपट्टीने जोडलेली चालणार नाही.

परत आल्यावर उरलेल्या गोळ्या परत घ्याल का?

नाही. समुद्र ओलांडून आलेली स्ट्रिप कुठे, किती उन्हात राहिली ते मला माहीत नाही, आणि ती मी दुसऱ्याला देणार नाही. तिकडून आणलेली तीनशे गोळ्यांची अ‍ॅस्पिरिनची बाटली शेजारीपाजारी वाटू नका; ज्याला पोटात अल्सर आहे तो "फुकट आहे" म्हणून घेईल. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, चालू ठेवायची की नाही ते विचारा. आणि येताना तिकडच्या डॉक्टरने काही बदललं असेल तर तो कागद आधी आम्हाला दाखवा, म्हणजे आम्ही सवयीने जुनंच काढून देणार नाही.